मुलाखतीची धडधड: पॅनेलला काय दिसतं, काय दिसत नाही

जून-जुलै म्हणजे गोव्यात ‘वॉक-इन’चा मोसम. कॉलेजचे निकाल लागलेले असतात, किनाऱ्यावरची हॉटेलं पावसाळ्यानंतरच्या गर्दीसाठी माणसं शोधायला लागतात आणि वेर्णा, कुंडई, डिचोलीकडच्या औषध कंपन्यांच्या जाहिराती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. ‘बीएस्सी केमिस्ट्री, फ्रेशर चालतील, मूळ कागदपत्रांसह थेट मुलाखतीला यावे.’ मग घरोघरी एकच सल्ला ऐकू येतो: आत्मविश्वासाने बोल, घाबरू नकोस. सल्ला देणारा चहा संपवून निघून जातो आणि मुलगा किंवा मुलगी विचार करत बसते, की घाबरायचं नाही म्हणजे नक्की करायचं काय?

मी वेर्ण्याच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली आणि पुढे बरीच वर्षं मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसले. टेबलाच्या त्या बाजूने जे दिसलं ते मानसशास्त्रातल्या संशोधनाशी बऱ्यापैकी जुळतं. ते थोडक्यात असं: आत्मविश्वास सकाळी इस्त्रीच्या शर्टाबरोबर अंगात चढवता येत नाही. सांगायला नेमकं काही असलं की तो आपसूक दिसतो. नसलं, तर कितीही ताठ बसा, दिसत नाही.

छाती का धडधडते?

समोरची तीन-चार माणसं आपल्याला जोखणार आहेत एवढं कळलं, की मेंदू त्याला धोकाच समजतो. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनालिन सोडतात. हृदय जोरात चालतं, श्वास भरभर होतो, तळहातांना घाम सुटतो, लाळ कमी होऊन जीभ टाळ्याला चिकटते. पळायचं किंवा भांडायचं असेल तर ही सगळी तयारी उत्तम. खुर्चीत बसून ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं उत्तर द्यायला तिचा उपयोग शून्य.

अशा वेळी आपण स्वतःला ‘शांत हो, शांत हो’ असं बजावतो, आणि होत मात्र नाही. २०१४ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांचे काही प्रयोग प्रसिद्ध झाले. भाषणाला उभं राहण्याआधी काही जणांना ‘मी शांत आहे’ असं म्हणायला सांगितलं, काहींना ‘मला उत्साह वाटतोय’ असं. उत्साहवाल्यांची भाषणं सरस ठरली. गाणं आणि गणित या कामांतही उत्साहाचाच फायदा झाला. कारण समजायला सोपं आहे. भीतीत आणि उत्साहात शरीर जवळपास सारखंच वागतं. धडधड थांबवणं आपल्या हातात नसतं, पण तिला ‘आज मजा येणार’ म्हणणं हातात असतं.

श्वासाचा एक उपाय मात्र खरोखर चालतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. आत घेताना चारपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत. बाहेर बाकावर बसून पाच-सहा वेळा करा, कोणाच्या लक्षातही येत नाही.

याउलट बाथरूमचं दार लावून, कमरेवर हात ठेवून, पाय फाकवून दोन मिनिटं उभं राहण्याचा जो उपाय रील्समध्ये अजून फिरतो, तो सोडून द्या. २०१० मधल्या एका छोट्या प्रयोगातून तो आला. अशा उभं राहण्याने शरीरातली हार्मोन्स बदलतात असा त्यात दावा होता. २०१५ मध्ये जास्त लोकांना घेऊन प्रयोग पुन्हा केला तेव्हा हार्मोन्सवर काही परिणाम दिसला नाही, आणि २०१६ मध्ये मूळ शोधनिबंधाच्या एका लेखिकेनेच हा परिणाम खरा असल्याचं आपल्याला वाटत नाही, असं जाहीर केलं. रील बनवणाऱ्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही.

‘पण मी घाबरलोय हे त्यांना दिसणारच ना?’

आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी कमी दिसतं. आपली धडधड आपल्याला आतून इतकी मोठ्याने ऐकू येते, की ती समोरच्यालाही ऐकू येत असणार असा आपला समज होतो. थॉमस गिलोविच आणि केनेथ सावित्स्की या मानसशास्त्रज्ञांनी या समजावर काम केलं. २००३ मध्ये त्यांनी दाखवलं, की भाषण करणाऱ्यांना आधी ‘तुमची घबराट लोकांना फारशी दिसत नाही’ एवढंच समजावून सांगितलं तरी त्यांची भाषणं सुधारतात, आणि हे ऐकणाऱ्यांनाही जाणवतं. इलाज म्हणून नुसती माहिती पुरली.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात सरावाच्या मुलाखतींची रेकॉर्डिंग तपासली. हाताचे चाळे, नजर चुकवणं असल्या लकबींवरून उमेदवार किती घाबरलाय हे फारसं ठरत नव्हतं. अपवाद बोलण्याच्या गतीचा. घाबरलेला माणूस मिनिटाला कमी शब्द बोलत होता. घाबरलेल्या उमेदवारांना गुण कमी मिळाले खरे, पण ते दोन कारणांनी: ते ठामपणे बोलत नव्हते आणि आपुलकीने बोलत नव्हते. म्हणजे हात थरथरला म्हणून कोणी नापास होत नाही. चाचरत तुटक बोललं आणि चेहरा दगडासारखा ठेवला की होतं.

आमच्याकडे आलेल्या एका मुलीने पाण्याचा ग्लास उचलला आणि हात कापतोय हे कळल्यावर तसाच परत ठेवला. ते मला दिसलं, कारण मी समोरच होते. माझ्या दोन्ही सहकाऱ्यांनी मान खाली घालून तिची मार्कशीट वाचायला घेतली होती. नंतर विचारलं तर कोणालाच आठवेना. तिने काही भलतंसलतं सांगितलं असतं तर ते मात्र नक्की आठवलं असतं. लोक तुमचं बोलणं लक्षात ठेवतात.

पॅनेलच्या हातातला कागद

बऱ्याच मोठ्या कंपन्यांत आता ‘साचेबद्ध मुलाखत’ घेतात. म्हणजे एका पदासाठी आलेल्या सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि प्रत्येक उत्तराला ठरलेल्या पट्टीवर गुण. गप्पांसारखी, सुचेल ते विचारत जाणारी मुलाखत ती साचा नसलेली. यातली कोणती पद्धत पुढच्या कामाचा अंदाज जास्त बरोबर बांधते हे संशोधक आकड्यात मोजतात. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे तंतोतंत. १९९८ मधल्या एका गाजलेल्या आढाव्यात साचेबद्ध मुलाखतीला ०.५१ आणि दुसरीला ०.३८ असा आकडा आला होता. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हिशोब पुन्हा मांडला तेव्हा साचेबद्ध मुलाखत ०.४२ वर राहिली आणि गप्पांची मुलाखत ०.१९ वर घसरली. ‘मी माणूस बघितल्या बघितल्या ओळखतो’ म्हणणाऱ्या साहेबांबद्दल हा दुसरा आकडा बरंच काही सांगतो.

उमेदवाराच्या दृष्टीने याचा अर्थ काय? पॅनेलसमोरच्या कागदावर ‘घाबरला का?’ असा रकाना नसतो. असतो तो ‘अडचण आली तेव्हा काय केलं’, ‘नियम पाळतो का’, ‘दुसऱ्याचं ऐकतो का’ असा. तुम्ही जे बोलता त्यातून त्या रकान्यात लिहायला काहीतरी सापडलं पाहिजे.

आमचा एक ठरलेला प्रश्न होता. टायट्रेशनची (द्रावणात एखादा पदार्थ किती आहे ते मोजायच्या चाचणीची) दोन रीडिंग घेतलीत, जुळली नाहीत, काय कराल? बहुतेक मुलं हसत हसत सांगत, की तिसरं घेईन आणि न जुळणारं खोडून टाकेन. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला सगळे हेच करतात. ब्युरेटची रीडिंग शेजाऱ्याच्या वहीतून ‘जुळवून’ घेतलेले मीही पाहिलेत. पण औषधाच्या कारखान्यात नको असलेलं रीडिंग गुपचूप टाकून देणं म्हणजे गंभीर गुन्हा समजतात. मर्यादेबाहेरचा निकाल आला तर तो नोंदवून कारण शोधावं लागतं, हवा तो आकडा येईपर्यंत चाचणी करत बसता येत नाही. वाळपईकडून आलेल्या एका मुलाने सावकाश उत्तर दिलं: ‘दोन्ही लिहून ठेवीन, काही फेकणार नाही, आणि सिनियरला बोलवीन. चूक माझी आहे की सॅम्पलची हे मला एकट्याला ठरवता येणार नाही.’ त्याचं इंग्रजी लंगडंच होतं. तिघांनीही त्याला त्या रकान्यात पूर्ण गुण दिले.

अर्थात प्रत्येक ठिकाणी असा कागद नसतो. गोव्यातल्या छोट्या हॉटेलात, शोरूममध्ये, घरगुती धंद्यात मालक स्वतः समोर बसतो आणि पहिला प्रश्न येतो, ‘खंयचो रे तूं? बापूय कितें करता?’ त्याला चौकशी समजून रागावू नका. आपल्याकडे ओळख अशीच सुरू होते. गाव सांगा, घरचं एका वाक्यात सांगा आणि तिथूनच कामाकडे वळा: ‘वडिलांचं भुसारी दुकान आहे, सुट्टीत मी गल्ल्यावर बसतो.’

पाठ करायचं की नाही?

पेडण्यात किंवा पलीकडे सावंतवाडीत दशावतार बघितलेल्या माणसाला हे चटकन कळेल. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, कोण कधी येणार, भांडण कशावरून, शेवट काय, हे पक्कं. संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतो. समोरच्याने भलताच सवाल टाकला तरी राजा अडत नाही, कारण त्याला गोष्ट ठाऊक असते. मुलाखतीची तयारी अशीच करावी. वाक्यं पाठ केली की एक शब्द निसटताच सगळं कोसळतं, आणि पाठांतर ऐकणाऱ्याला तिसऱ्या वाक्याला कळतं.

तर तुमची ‘आख्यानं’ पाच-सहा हवीत, तुमच्या स्वतःच्या आयुष्यातली. एखादी अडचण सोडवलेली, एखादं भांडण मिटवलेलं, एखादी चूक निस्तरलेली, काही नवीन शिकलेलं, कमी वेळात पार पाडलेलं. प्रत्येकाचे चार तुकडे करा: प्रसंग काय होता, तुमच्यावर काय येऊन पडलं, तुम्ही काय केलंत, शेवटी काय झालं. कंपन्यांत या पद्धतीला ‘स्टार’ (सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट) म्हणतात. वेळ बहुतेक जण पहिल्या तुकड्यात घालवतात. खरे गुण तिसऱ्यात असतात. आणि तिथे ‘आम्ही’ नको, ‘मी’ हवं. आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणणं शिष्टपणाचं वाटतं हे मला मान्य आहे, पण ‘आम्ही सगळ्यांनी मिळून’ असं म्हटलं तर पॅनेलला तुमचा वाटा कळणार कसा?

‘मी फ्रेशर, माझ्याकडे कसले प्रसंग?’

हे सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि सगळ्यात कमी खरं असतं. अनुभव म्हणजे पगाराची पावती, असा आपण अर्थ लावून बसलोय. म्हापशाच्या एका विक्रीच्या नोकरीसाठी तयारी करणाऱ्या मुलीला मी विचारलं, गिऱ्हाईक नाराज झालंय असा प्रसंग सांग. ती म्हणाली, काहीच नाही. मग बोलता बोलता निघालं, की चतुर्थीच्या आधी दरवर्षी ती आईबरोबर बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं, सामान घेऊन बसते! त्यातून तिचं उत्तर असं तयार झालं:

‘चतुर्थीच्या आदल्या दिवशी एक बाई सकाळी नेलेला नारळाचा घड घेऊन दुपारी परत आली. टांगायला घेतला तर तीन नारळ गळून पडले होते. आई सामान आणायला गेली होती, त्यामुळे काय ते मलाच ठरवायचं होतं. आमच्याकडे शेवटचा एक घड उरला होता आणि संध्याकाळच्या गर्दीत त्याला जास्त भाव मिळाला असता. मी आधी तिचं ऐकून घेतलं, मग तो घड बदलून दिला, वर पैसे घेतले नाहीत, आणि तिच्यासमोर सगळे देठ हलवून दाखवले. तिने सुपारीचं शिपटं आणि आंबाडेही आमच्याकडूनच घेतले. तेव्हापासून घड देण्याआधी आम्ही देठ तपासतो.’

मिनिटभराचं बोलणं. त्यात निर्णय आहे, नुकसान सोसण्याची तयारी आहे आणि पुढे पद्धत बदलल्याचं शेवटचं वाक्य आहे, जे मला सगळ्यात आवडतं. हे सांगताना तिचा आवाज कापला नाही. घडलेलं सांगायला धीर गोळा करावा लागत नाही.

काजूच्या मोसमात बागेतली माणसं सांभाळणं, जत्रेच्या नाटकाचा जमाखर्च, शिगम्याच्या मेळाची तालीम, एनएसएसचं शिबिर, शेजारच्या मुलांची शिकवणी, यांतलं काहीतरी तुमच्याकडेही असेलच.

इंग्रजी अडतं त्याचं काय?

गोव्यात कित्येकांची चौथीपर्यंतची शाळा मराठीत होते, पाचवीपासून इंग्रजी माध्यम सुरू होतं, घरी आणि बाजारात कोंकणी. लिहायला-वाचायला इंग्रजी जमतं, तोंडातून मात्र निघत नाही. इथे खोटा दिलासा देणार नाही. हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला इंग्रजी बोलता आलंच पाहिजे, ते कामच आहे. प्रयोगशाळेत, उत्पादनात, स्टोअर्समध्ये किंवा मेंटेनन्सला तेवढं लागत नाही. समजून घेणं, नोंद लिहिणं आणि कामाचं नीट सांगता येणं पुरतं.

दोन्हीकडे उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे. आपली आख्यानं मोठ्याने बोला. मनातल्या मनात म्हटलेलं इंग्रजी नेहमीच अस्खलित असतं. फोनवर रेकॉर्ड करा, ऐका, लांब वाक्यं मोडून छोटी करा. प्रश्न कळला नाही तर ‘कुड यू प्लीज रिपीट दॅट?’ म्हणण्यात कमीपणा काही नाही. आणि एखादा मुद्दा अगदीच अडला तर विचारून घ्या, ‘मे आय एक्सप्लेन धिस इन कोंकणी?’ गोव्यातल्या पॅनेलवर कोंकणी कळणारं कोणीतरी बहुधा असतंच. फक्त सुरुवातच तशी करू नका.

सरकारी नोकरीत चित्र वेगळं आहे. तिथे भरतीच्या नियमांत कोंकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं असल्यास चांगलं, असं लिहिलेलं असतं. शिवाय १५ वर्षांच्या निवासाचा दाखला लागतो. तो शेवटच्या आठवड्यात मिळेल या भरवशावर राहू नका.

‘वशिल्याशिवाय काय होतं गोव्यात?’

हा आक्षेप हसून उडवण्यासारखा नाही. सरकारी नोकरी मिळवून देतो म्हणून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणं २०२४ च्या अखेरीस गोव्यात एकामागून एक बाहेर आली, अटकाही झाल्या. मुलाखतीतल्या गुणांबद्दलचा संशय देशभरच होता. म्हणूनच केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि अराजपत्रित गट ब पदांसाठी मुलाखतीच बंद केल्या. गोव्यातही कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा संगणकावर होतात. लोकसेवा आयोगाकडे मात्र चाळणी परीक्षेनंतर मुलाखत असते, त्यामुळे राजपत्रित पदांची तयारी करणाऱ्यांना हा लेख टाळता येणार नाही.

खासगी कंपनीत ओळखीने चिठ्ठी आत जाते, हे मी पाहिलंय. पण रात्रपाळीला एकट्याने मशीन सांभाळायचं असतं तेव्हा चिठ्ठीवाला उमेदवार नको, काम येणारा हवा, हे त्या विभागप्रमुखालाच सगळ्यात जास्त कळतं. कारण बॅच बिघडली तर जाब त्याला द्यावा लागतो. आणि नोकरीसाठी कोणी पैसे मागितले, मग ते ‘ट्रेनिंग फी’ म्हणून का असेना, तर तिथून उठा.

येत नसलेला प्रश्न आणि पगाराचा प्रश्न

उत्तर येत नसेल तर ‘हे मला माहीत नाही’ म्हणा आणि जेवढं माहीत आहे तिथपर्यंत चालत जा: ‘एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मी चालवलेलं नाही, तत्त्व शिकलेय, सांगू का?’ फेकाफेक केली तर पुढचे तीन प्रश्न त्याच फेकीवर येतात. तुमची कमकुवत बाजू कोणती, याला ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर ऐकून पॅनेलचे कान किटलेत. एखादी खरी, किरकोळ गोष्ट सांगा आणि तिच्यावर काय करताय तेही सांगा.

पगाराबद्दल आकडा आधी काढून जा. त्याच वसाहतीत काम करणाऱ्या दोघा-तिघांना विचारा, हातात किती येतात आणि कापून किती जातात. पेडण्याहून वेर्ण्याला येणार असाल तर कंपनीची बस कुठपर्यंत आहे यावर त्या आकड्याची किंमत ठरते. वेर्ण्याची वसाहत मोठी आहे, ‘वेर्ण्याला पोचलो’ आणि ‘गेटवर पोचलो’ यांत पावसात अर्धा तास जाऊ शकतो, म्हणून आधीच कोणता फेज आणि कोणता प्लॉट ते विचारून ठेवा.

‘तुम्हाला काही विचारायचंय का?’

इथे ‘नो सर’ म्हणून उठू नका. तुम्हीही त्या जागेला जोखत असता, आणि हे लक्षात आलं की खुर्चीत बसण्याची ढबच बदलते. पाळ्या कशा असतात, रात्रपाळीला मुलींसाठी गाडी घरापर्यंत येते का, पहिले सहा महिने कोणाच्या हाताखाली, प्रोबेशन किती, हे विचारा. बाँड आहे का, असल्यास किती वर्षांचा आणि मोडला तर किती भरायचे, हेही विचारा. आणि मूळ प्रमाणपत्रं कंपनी ठेवून घेणार का, ते स्पष्टच विचारा. पडताळणीसाठी दाखवायची, झेरॉक्स द्यायची आणि मूळ कागद त्याच फाइलमधून घरी न्यायचे. ‘नंतर देतो’ असं कोणी म्हणालं, तर रुजू व्हायच्या आधी ते लेखी मागा.